पाहुण्यांची खुर्ची

वाळू मला आधी चादरींतून कळते.
अकराला खोली रिकामी झाली
की मी चादर अंगणात नेऊन झटकते
आणि कोण कुठवर गेलं होतं ते ओळखते.
सुरूंखाली लोळलेल्यांची जाड, काड्याकुड्यांची,
ओहोटीमागून चालत गेलेल्यांची मऊ, पिठासारखी.
मोरीच्या जाळीत तर अख्खा किनारा साठतो.
हंगामाला दोन घमेली.
ती मी परत नेऊन ओतते.

मांद्र्याला एवढं आहे तरी काय,
हे पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला विचारायचे.

नागपूरच्या दोघी बहिणींनी आठ दिवस काहीच केलं नाही.
उठल्या, भिजल्या, झोपल्या, पुन्हा भिजल्या,
जाताना म्हणाल्या, ताई, काय काय झालं या आठ दिवसांत!

रशियाची लुद्मिला पहिल्याच संध्याकाळी
उकडलेल्या सुंगटासारखी लाल होऊन आली.
खांद्यांना लावायला वाटीभर दही दिलं.
अर्धं लावलं, अर्धं खाल्लं,
सकाळी पुन्हा उन्हात.
तिच्या गावी म्हणे थंडीत
सूर्य दुपारी तीनलाच दुकान बंद करतो.
तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या कौलांकडे बघितलं.
एवढं ऊन रोज सांडतंय,
आणि मी त्यात फक्त बांगडे वाळवले.

औशाचे बिराजदार मास्तर आले ते डिसेंबरात.
पस्तीस वर्षं भूगोल शिकवला,
निळ्या खडूनं फळ्यावर अरबी समुद्र काढला
आणि तास संपल्यावर पुसला.
बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत,
पाण्याला आधी बोटं लावून डोळ्यांना लावली.
मग लाट आली, परत गेली,
टाचांखालची वाळू घेऊन गेली,
आणि मास्तरांनी माझ्या नवऱ्याचा दंड धरला:
"अहो विश्राम, जमीन सरकते!"
थोडा वेळ गप्प.
मग हळूच, "परत येते का बघू."
अंधार पडेपर्यंत ते बघत राहिले.
भात दोनदा गरम केला मी.

निघताना त्यांनी थंड पेयाच्या बाटलीत समुद्र भरून घेतला,
गुडघे धरून घरी बसलेल्या बायकोसाठी.
संक्रांतीला फोन आला.
"पाणी नीट पोचलं. हिनं चाखून बघितलं, खारट आहे म्हणाली.
पण बाटली कितीही हलवली
तरी ते काही येत-जात नाही हो."
मी काय सांगणार?
हो म्हटलं.

माझं लग्न होऊन या घरात चोवीस वर्षं.
दर्या म्हणजे मला रापणीची ओढ,
तिसऱ्यांसाठी वाकलेली कंबर,
पत्र्याला खाणारा गंज,
आणि कपडे कधी पुरते न वाळणं.
त्याच्याकडे पाठ करूनच मी काम केलं,
चूल तिकडे, विहीर तिकडे.

यंदा मेच्या शेवटी
खोल्या रिकाम्या, झावळ्या उतरवलेल्या.
आवराआवर करताना एक खुर्ची बाहेरच राहिली,
पश्चिमेकडे तोंड केलेली, एक हात मोडलेला.
उचलायला गेले आणि बसले.

काही विशेष नव्हतं.
पाणी मातकट होऊ लागलेलं,
कुर्ल्या बिळातून डोकावून मला जोखत होत्या,
लांब एक होडी, ती हलते आहे की नाही
हे ठरवण्यात बराच वेळ गेला.
पायांवरचं ऊन घोट्यापाशी आलं, मग उतरलं.
हातात काही नाही याची
हातांना सवय नव्हती,
ते मांडीवर पाहुण्यांसारखे अवघडून बसले.

मागून विश्रामचा आवाज आला,
नोव्हेंबर ते मार्च तो लावतो तो, मऊ, नम्र:
"चहा आणू का?"

मी वळले नाही.
ओळखलं की नाही, देव जाणे.
म्हटलं, आणा.
साखर कमी.